एका वेळी एकच सूर: डिपेश मोडची अगदी सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज

धागाकर्ता: माळ्यावरचा_माणूस

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोकं खाली आलं. त्यात चुलतभावाने १९८८ साली दुबईहून आणलेली कॅसेट निघाली. वर त्याच्याच अक्षरात 'डिपेश मोड, जुनं' एवढंच लिहिलेलं. डेक काढला तर आतल्या रबरी पट्ट्याचं डांबर झालेलं. इअरबड आणि स्पिरिट घेऊन तासभर ते खरवडलं, नवा पट्टा बसवला आणि बटण दाबलं. पुढचा पाऊण तास मी जमिनीवरच बसून होतो. बायको दोनदा येऊन बघून गेली.

डिपेश मोड हा इंग्लिश बँड म्हटला की काळ्या कपड्यांतली, स्टेडियम भरवणारी गंभीर मंडळी डोळ्यांसमोर येतात. मला त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. मला बोलायचंय १९८० चा मध्य ते १९८१ ची अखेर या जेमतेम दीड वर्षाबद्दल. तेव्हा ही बॅसिल्डनची चार पोरं होती, विशीच्या आसपासची. गाणी बहुतेक सगळी व्हिन्स क्लार्कची. मार्टिन गोर आणि अँडी फ्लेचर शाळेपासूनचे दोस्त, एक बँकेत चिकटलेला, दुसरा विमा कंपनीत. चौथा डेव्ह गहान, आर्ट कॉलेजवाला. एका तालमीच्या जागी बोवीचं 'हीरोज' गाताना व्हिन्सने त्याला ऐकलं आणि गायक म्हणून घेतलं. तोवर बँडचं नाव होतं 'कॉम्पोझिशन ऑफ साउंड'. म्हणजे जवळजवळ विद्यापीठातल्या पेपरचं नाव. डेव्हने कॉलेजात पाहिलेल्या एका फ्रेंच फॅशन मासिकाचं नाव सुचवलं आणि सुटका केली.

बॅसिल्डन हे एसेक्समधलं नव्याने वसवलेलं शहर. महायुद्धानंतर लंडनच्या पूर्व भागातल्या गर्दीला घरं द्यायची म्हणून १९४९ मध्ये सरकारने ते आखलं. मी वाशीत वाढलोय, त्यामुळे 'आखलेलं शहर' म्हणजे काय ते मला कुणी समजावून द्यायला नको. रस्ते सरळ, झाडं कोवळी, संध्याकाळी करायला काही नाही.

आता मुद्द्याचं. त्यांच्याकडे सुरुवातीला तीन लहान सिंथ (सिंथेसायझर, विजेवर सूर घडवणारे कीबोर्ड) होते: व्हिन्सचा कावाई, मार्टिनचा यामाहा सीएस-५, फ्लेचरचा मूग प्रॉडिजी. तिन्ही मोनोफोनिक, म्हणजे एका वेळी एकच सूर. तीन पट्ट्या दाबा, वाजणार एकच. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे दोन-तीन सूर, ही गोष्ट एकट्याला वाजवताच येत नाही. जोडीला डॉक्टर ऱ्हिदम नावाची वीटभर आकाराची ड्रम मशीन.

माझं म्हणणं एवढंच, की या पहिल्या रेकॉर्डिंग्जचं सगळं सौंदर्य या अडचणीतून आलंय. कॉर्ड वाजवता येत नाहीत, म्हणून प्रत्येकाला स्वतःची वेगळी चाल शोधावी लागली. एकाची ओळ संपते तिथे दुसऱ्याची उगवते, आणि ज्याला आपण हार्मनी समजतो ती या ओळींच्या ये-जा करण्यातून तयार होते. 'न्यू लाइफ' हेडफोन लावून ऐका. एकही वाद्य नुसतं मागे पसरून बसलेलं नाही, प्रत्येकाला काहीतरी सांगायचंय. पुढे पैसे आले, महागडी यंत्रं आली, आवाज भरगच्च झाला. तो चांगलाच आहे. पण ही हवा त्यात नाही.

रेकॉर्डिंगपर्यंत पोचले कसे, तेही मजेशीर आहे. व्हिन्स आणि डेव्ह डेमोची टेप घेऊन लंडनमधल्या रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरे झिजवत होते. रफ ट्रेडमध्ये गेले. तिथल्या माणसाने ऐकलं आणि सांगितलं की हे आमच्या कामाचं नाही, पण तो कोपऱ्यात उभा आहे ना, त्याला विचारा. कोपऱ्यात होता डॅनियल मिलर, म्यूट रेकॉर्ड्सचा मालक. मालक म्हणजे काय, एकखांबी तंबू. १९७८ मध्ये त्याने 'द नॉर्मल' या नावाने स्वतःची एक सिंगल (गाण्याची छोटी तबकडी) काढली होती, जुना कॉर्ग सिंथ आणि घरगुती टेप रेकॉर्डर वापरून. लेबलचा पत्ता म्हणून आईच्या घरचा पत्ता छापलेला. त्या दिवशी तो दुसऱ्याच कटकटीने वैतागलेला होता. पोरांकडे धड पाहिलंही नाही.

काही काळाने कॅनिंग टाउनच्या 'ब्रिज हाउस' या पबमध्ये म्यूटच्याच फॅड गॅजेट या गायकाचा कार्यक्रम होता. त्याआधी वाजवायला हीच पोरं. बिअरच्या क्रेटवर ठेवलेले तीन डुगडुगते सिंथ, मध्ये जागचा न हलणारा डेव्ह, चेहऱ्यावर खालून मारलेला उजेड. मिलरने ऐकलं आणि सरळ मागे जाऊन म्हणाला, एक सिंगल करूया का? कागद नाही, सही नाही. पुढची कित्येक वर्षं हा व्यवहार तोंडीच चालला.

पहिली सिंगल 'ड्रीमिंग ऑफ मी', फेब्रुवारी १९८१, ब्रिटिश लोकप्रियतेच्या यादीत ५७ वा क्रमांक. जूनमध्ये 'न्यू लाइफ', ११ वा. सप्टेंबरमध्ये 'जस्ट कान्ट गेट इनफ', ८ वा. ऑक्टोबरमध्ये अख्खा अल्बम 'स्पीक अँड स्पेल', १० वा. आठ-नऊ महिन्यांत एवढं. आणि वर्ष संपता संपता, ज्याने यातलं बहुतेक सगळं लिहिलं तो व्हिन्सच बँड सोडून गेला.

कुणी इथे मोनो सिंथ वाजवलाय का? आणि 'ड्रीमिंग ऑफ मी' तुम्हाला अल्बममध्ये इतरांहून वेगळं वाटतं का? मला वाटतं, जरा कच्चं.

---

कानसेन

लेख छान, पण गाणी ऐकली आणि माझं मत बदललं नाही. टुंई टुंई, धप धप. वाद्याला श्वास लागतो हो. बासरीवाला दम घेतो तेही आपण ऐकतो. हे म्हणजे भिंतीवरचं घड्याळ गातंय.

---

पेटीवाला

@माळ्यावरचा_माणूस, मी वाजवलाय. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात बारा वर्षं कीबोर्डवर होतो आणि त्यातली पहिली तीन एका उसन्या मोनो सिंथवर काढली. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

पेटीवर सा-ग-प एकत्र दाबलं की तिन्ही वाजतात, कारण प्रत्येक पट्टीखाली वेगळी रीड आहे. मोनो सिंथमध्ये आवाज निर्माण करणारं मंडळ एकच. पट्ट्या नुसत्या सांगतात की सूर कुठला लावायचा. दोन दाबल्या तर काही यंत्रं खालची धरतात, काही शेवटी दाबलेली. याचा फायदाही असतो. एक पट्टी धरून ठेवायची आणि दुसऱ्या बोटाने वर टिचक्या मारायच्या, सूर मुरकीसारखा उडी मारून परत येतो. पेटीवर हे होत नाही.

दुसरं, ड्रम. 'स्पीक अँड स्पेल'वर मिलरचा एआरपी २६०० हा मोठा सिंथ आहे आणि त्यातून ठोक्यांचे आवाजसुद्धा घडवलेत. कसे? ऑसिलेटरचा, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या मंडळाचा, सूर वरून खाली झटकन घसरवायचा, इतका झटकन की घसरण ऐकूच येऊ नये. कानाला फक्त 'धप्' लागतं. स्नेअर ड्रमला खरखर घ्यायची, रेडिओचं स्टेशन सुटल्यावर येते तशी, आणि जन्मताच तिचा गळा दाबायचा: 'चॅक्'. म्हणून त्या ठोक्यांना ना कातडं आहे ना लाकूड.

तिसरं, मिलरकडे एआरपीचा सीक्वेन्सर होता. त्यात सोळा घरं. प्रत्येक घराला एक सरकपट्टी, ती वरखाली करून त्या घराचा सूर कानाने लावायचा. सोडलं की यंत्र सोळा घरं फिरत राहतं. सोळा मात्रा म्हटल्यावर आपल्याला काय आठवणार ते वेगळं सांगायला नको. एखादी सरकपट्टी केसभर हलली की तेवढा एकच सूर बेसूर, आणि तो दर आवर्तनात त्याच जागी येऊन टोचणार.

@कानसेन, श्वासाचं म्हणाल तर घड्याळावर डेव्हचा आवाज आहे ना. पाठीमागचं सगळं काट्यावर चालतं आणि गाणारा पोरगा एकोणीस वर्षांचा, किंचित घाबरलेला. ती फट मला आवडते.

---

एसेक्सची_सून

अय्या, बॅसिल्डन! मी तिथून वीस मिनिटांवर राहते. इथल्या लोकांना विचारलं तर अर्धे म्हणतात 'हो हो, आमचेच', आणि उरलेले विषय बदलतात.

टाउन स्क्वेअरमध्ये आई आणि बाळाचा पुतळा असलेलं कारंजं आहे, आणि शेजारी ब्रुक हाउस, इंग्रजी व्ही आकाराच्या सिमेंटच्या पायांवर उभी असलेली उंच इमारत. त्या पायांखालून चालताना मान आपोआप वर जाते. बाकी दुकानं, बसस्टँड, वारा. वारा फार.

गंमत म्हणजे शहर १९४९ चं, पण बॅसिल्डन स्टेशन सुरू झालं १९७४ मध्ये. म्हणजे ही पोरं शाळेत असताना. गाडी सरळ लंडनच्या फेनचर्च स्ट्रीटला जाते. मार्टिनची बँक, फ्लेचरचं विम्याचं ऑफिस, सगळं त्या बाजूला. 'न्यू लाइफ' चढायला लागल्यावर 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्हीवरच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तेव्हा सिंथ काखेत मारून ही मंडळी गाडीनेच गेली होती. मी त्या गाडीने रोज जाते. डबा गच्च भरलेला असतो, माझी पर्सही कुणाच्या तरी कोपरात असते. आणि हे की टीव्हीवर गाणार म्हणून वाद्यं घेऊन उभे!

---

हिशेबनीस

मला संगीतातलं कळत नाही, पण तोंडी कराराबद्दल लिहितो. म्यूटचा व्यवहार साधा होता: खर्च वजा जाता जे उरेल ते अर्धं अर्धं. तेव्हा मोठ्या कंपन्याही या पोरांच्या मागे होत्या, आगाऊ रकमेची आमिषं दाखवत होत्या. आगाऊ रक्कम हे बक्षीस नसतं, उचल असते. ऊसतोडीवाल्याला विचारा. ती फिटेपर्यंत तुमच्या वाट्याला दमडी येत नाही, आणि स्टुडिओचा, व्हिडिओचा, जाहिरातीचा खर्च तुमच्याच खात्यावर चढत जातो.

माझा भाचा पुण्यात स्वतःची गाणी करतो. त्याला एकाने करार दिला, सव्वीस पानी. तीन रात्री बसून मी वाचला. सतराव्या पानावर एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा निघत होता की तो आंघोळीत गुणगुणला तरी ती चाल कंपनीची. नको म्हणालो. अर्धं-अर्धं म्हणणारा माणूस भेटला तर बघू.

पण मिलरसारखा माणूस भेटणं हा नशिबाचा भाग आहे, हे विसरू नये. तोंडी व्यवहारात बुडालेल्यांवर कुणी धागे काढत नाही.

---

कॅसेटकिडा

एक दुरुस्ती. धागाकर्ते म्हणतात 'ड्रीमिंग ऑफ मी' अल्बममध्ये आहे. मूळ ब्रिटिश 'स्पीक अँड स्पेल'वर ते नाही! तिथे 'न्यू लाइफ'च्या मागोमाग 'आय समटाइम्स विश आय वॉज डेड' हे सव्वादोन मिनिटांचं गाणं येतं. अमेरिकन प्रतीत ते काढून त्याऐवजी 'ड्रीमिंग ऑफ मी' घातलं. तुमच्या कॅसेटवर काय आहे? आणि शेवटचं 'जस्ट कान्ट गेट इनफ' किती लांब आहे?

---

माळ्यावरचा_माणूस

@कॅसेटकिडा, आत्ता उठून ऐकलं. तुम्ही म्हणता ते सव्वादोन मिनिटांचं गाणं माझ्याकडे नाहीच. आणि 'जस्ट कान्ट गेट इनफ' लांबतच जातं, मध्येच ओळी सुट्या होतात, पुन्हा एकेक करून जोडल्या जातात, आणि ऐन रंगात खाट्! टेप संपते. पस्तीस वर्षं मला वाटत होतं की त्यांनी ते गाणं तसंच तोडलंय, फार धीट शेवट आहे. कॉलेजात एका मित्राला मी त्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं होतं.

---

कॅसेटकिडा

अमेरिकन प्रत. शेवटी त्यावर लांबवलेलं मिक्स आहे. भावाने ती नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवली असती तर व्याख्यान वाचलं असतं.

आणि 'कच्चं वाटतं' हे तुमचं बरोबर आहे. ते गाणं अल्बमच्या बरंच आधीचं. त्याच्या मागच्या बाजूचं 'आइस मशीन' जरूर ऐका, माझ्या मते समोरच्या बाजूपेक्षा सरस. त्याहून आधीचं ऐकायचं तर 'सम बिझार' नावाचा संग्रह, जानेवारी १९८१. सॉफ्ट सेल, ब्लँकमँज, द द, सगळे तेव्हा नवखे, आणि त्यात यांचं 'फोटोग्राफिक'. तेच गाणं अल्बमवर पुन्हा मुद्रित केलंय. दोन्ही लागोपाठ लावा. पहिल्यात घाई आहे, कुणी दार वाजवेल आणि बंद करायला सांगेल अशी. दुसऱ्यात इस्त्री केलेली आहे.

---

रेवा_कोथरूड

इस्त्री कुठे केली ते सांगते! लंडनच्या सदर्क भागातला ब्लॅकविंग स्टुडिओ. ऑल हॅलोज नावाच्या चर्चमध्ये होता, युद्धात बॉम्बने पडझड झालेलं, पूजाअर्चा बंद झालेलं चर्च. तिथला ध्वनिमुद्रक एरिक रॅडक्लिफ. व्हिन्स बँड सोडल्यावरही तिथेच परतला, अ‍ॅलिसन मॉयेबरोबर 'याझू' काढलं, आणि त्यांच्या पहिल्या अल्बमच्या नावात हा एरिक आहे, 'अपस्टेअर्स अ‍ॅट एरिक्स'. आवाज बसवणाऱ्याचं नाव अल्बमला! आपल्याकडे ध्वनिमुद्रकाचं नाव मुखपृष्ठावर सोडा, मागच्या बाजूलाही भिंग लावून शोधावं लागतं.

याझूचं 'ओन्ली यू' १९८२ मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. तेही ऐका, या धाग्याचाच पुढचा भाग आहे तो. सिंथ तितकेच मोजके, पण वर अ‍ॅलिसनचा धिप्पाड आवाज.

---

कानसेन

@पेटीवाला, तुमचा प्रतिसाद वाचून पुन्हा ऐकलं. एक कबूल करतो. एका वेळी एकच सूर हे आपल्या कानाला परकं नाही. सनई काय, बासरी काय, एकच सूर आणि मागे षड्ज. मग मला खटकतंय काय? आपल्याकडे एकाची चाल चालू असताना दुसरा त्याच्या मागे मागे जातो, सारंगीसारखा. इथे तिघं तीन दिशांना जातात आणि सम मात्र एकत्र गाठतात. सवय नाही एवढंच. आवडलं असं म्हणत नाहीये.

---

पेटीवाला

आवडलं असं म्हणू नका, फक्त ऐकत राहा :)

तुमच्यासाठी खास: याच सुमारास आपल्या मुंबईत चरणजित सिंग या हिंदी सिनेमाच्या वादकाने रोलँडची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर-८ सिंथ, टीबी-३०३ बेस आणि टीआर-८०८ ड्रम मशीन, आणि त्यावर दहा राग वाजवले. भैरव, ललित, मालकंस, सगळे डिस्कोच्या ठेक्यावर. रेकॉर्ड १९८२ ची. कुणी हिंग लावून विचारलं नाही. २०१० मध्ये परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे डीजे चाट पडले, कारण तीच ३०३-८०८ ची जोडी शिकागोवाल्यांनी काही वर्षांनी वापरली आणि त्या नाचाच्या संगीताला अ‍ॅसिड हाउस नाव पडलं. भैरव लावा. मग घड्याळ गातंय की नाही ते सांगा.

---

बटाट्याची_चाळ_नव्हे

सगळे व्हिन्स व्हिन्स करताय. मार्टिन गोरची त्या अल्बमवर दोनच गाणी आहेत, 'टोरा टोरा टोरा' आणि शब्द नसलेलं 'बिग मफ'. आणि पुढची चाळीस वर्षं बँड कुणाच्या गाण्यांवर चालला? व्हिन्स राहिला असता तर 'जस्ट कान्ट गेट इनफ'च्या वीस आवृत्त्या निघाल्या असत्या. त्याच्या शब्दांना अर्थ नसतो हे कुणी लिहिलं नाही, मी लिहितो.

---

रेवा_कोथरूड

नसतो, मान्य. नाद असतो. 'आपडी थापडी'ला कुठे अर्थ आहे? तरी पिढ्यान्‌पिढ्या टिकलंय. आणि 'जस्ट कान्ट गेट इनफ' आज फुटबॉलच्या मैदानात हजारो माणसं कोरसमध्ये म्हणतात, शब्दांसाठी नव्हे, त्या चालीसाठी. ती एका बोटाने वाजते म्हणूनच सगळ्यांच्या तोंडी बसते.

---

एसेक्सची_सून

अवांतर: अल्बमच्या मुखपृष्ठावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला हंस का आहे, कुणी सांगेल का? मुलगा विचारतोय.

---

कॅसेटकिडा

छायाचित्रकार ब्रायन ग्रिफिन. का, ते बँडलाही कळलं नव्हतं म्हणतात. मुलाला सांगा, हंसाला थंडी वाजत होती.

त्यापेक्षा त्याला नावाबद्दल सांगा. 'स्पीक अँड स्पेल' हे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं बोलणारं खेळणं होतं, ते शब्द उच्चारणार आणि मुलांनी स्पेलिंग दाबायचं. यंत्राच्या तोंडून माणसाची बाराखडी.

---

माळ्यावरचा_माणूस

सगळ्यांचे आभार, धागा भलतीकडे गेला आणि बरं झालं.

मिलरबद्दल एक राहिलं होतं. या पोरांना भेटण्याआधी त्याने 'सिलिकॉन टीन्स' नावाचा बँड काढला होता. फक्त सिंथ वाजवणारी चार टीनएजर मुलं, जुनी रॉक अँड रोल गाणी वाजवणारी. प्रत्यक्षात ती मुलं नव्हतीच. सगळं मिलर एकटाच वाजवत होता, नावं बनावट. त्याला वाटायचं की पुढचा पॉप बँड असा असेल, गिटारऐवजी पहिलं वाद्य सिंथच हातात घेतलेली पोरं. आणि १९८० च्या शेवटी ती पबमध्ये क्रेटवर सिंथ ठेवून समोर उभी.

@पेटीवाला, तुमचं वाचून काल रात्री एक उद्योग केला. लेकीच्या फोनवर फुकटचं सिंथचं अ‍ॅप उतरवलं, मोनो केलं, आणि 'न्यू लाइफ'ची एकेक ओळ एका बोटाने काढत बसलो. पहिली पाच मिनिटांत निघाली. दुसरीही. दोन्ही एकत्र लावल्या तर काहीच जमेना. दोन्ही बरोबर, पण एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या. तासाभराने कळलं की मी दुसरी ओळ अर्धी मात्रा आधी उचलत होतो. ती उशिरा सोडली आणि एकदम खोलीत तिसरंच कुणीतरी वाजवायला लागलं.

लेक म्हणाली, बाबा, हे छान आहे, पण दीड वाजलाय.

---

पेटीवाला

ती फाईल इथे चढवा. तिसरी ओळ मी देतो.

---

कानसेन

भैरव ऐकला. उद्या लिहितो.